पूर्वेकडचा गोल

इंजिनिअरने खुंटी ठोकली आणि मी ती उपटली.

त्याने दुसरी ठोकली. मी तीही उपटली. तिसरीच्या वेळी तो हातोडा हातात धरून माझ्याकडे नुसता बघत राहिला. बिचारा कोल्हापुराहून सकाळच्या एसटीने आला होता, त्याला आमच्या गावची काही माहिती नव्हती.

"आपण कोण?" त्याने विचारलं.

"मी ह्या कॉलेजचा क्रीडाशिक्षक. बसगोंडा मगदूम. आणि स्टेडियमच्या पायऱ्या इथं होणार नाहीत."

"मग कुठं होणार?"

"तिकडं, पश्चिमेला. आधी मैदान फिरवायचं. आत्ता ते पूर्व-पश्चिम पडलंय, ते उत्तर-दक्षिण करायचं. मग पायऱ्या."

"पण संस्थेने दिलेल्या नकाशात..."

"नकाशा चुकलाय."

बाजूला दगड फोडणारे दोघे-तिघे काम थांबवून मजा बघत होते. त्यातला एक म्हणाला, "सायेब, तुमी ठोका खुंट्या. सलाम सरांचं काय मनावर घेऊ नका."

इंजिनिअरने मला विचारलं, "तुमचं नाव तर मगदूम म्हणालात ना?" दगडवाले हसले. माझ्या हातातली खुंटी मी दूर भिरकावली आणि जिमखान्याच्या खोलीत जाऊन बसलो.

ही शहाऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. शिवरात्री चषकाच्या स्पर्धा संपून आठवडा झाला होता. आमचं ऐनूर गडहिंग्लजपासून चार कोसांवर. कॉलेज एवढंसं, कला आणि वाणिज्य मिळून चारशे पोरं, अकरा खोल्या आणि मागे हे मैदान. पण फुटबॉलचं वेड असं, की आमच्याकडे पोर चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. शिवरात्रीच्या आठवड्यात बेळगाव, मिरज, कोल्हापूरचे संघ यायचे आणि अख्खा गाव दगडांवर, झाडांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसून मॅच बघायचा. आता संस्थेने ठरवलं होतं की नऊ दगडी पायऱ्या बांधायच्या आणि त्याला स्टेडियम म्हणायचं. सगळा गाव खूश होता. मी एकटाच जळत होतो.

कारण सांगतो. जगात कुठेही फुटबॉलचं मैदान आखताना एक गोल उत्तरेला आणि दुसरा दक्षिणेला ठेवतात. म्हणजे मावळतीचं ऊन कुठल्याच कीपरच्या डोळ्यांत जात नाही. आमचे गोल पूर्वेला आणि पश्चिमेला. मॅच साडेचारला सुरू व्हायची. दुसऱ्या हाफमध्ये जो कीपर पूर्वेकडच्या गोलात उभा राहील, त्याच्या थेट डोळ्यांत सूर्य.

एकोणऐंशीच्या फायनलला त्या गोलात मी होतो. शेवटच्या वर्षाला होतो, वीस वर्षांचा. बेळगावचा संघ होता समोर आणि हाफ टाइमला शून्य-शून्य. गोलामागे मैदान सपाट करायचा दगडी रोलर पडलेला असायचा, आणि त्यावर आमचा शिपाई भैरू कुराडे बसलेला असायचा. भैरूमामा हा कॉलेजचा पहिला कीपर. सुरुवातीला पोरं कमी पडायची म्हणून शिपायांनाही संघात घ्यायचे, आणि त्या काळी मामाने सहा वेळा चषक आणला होता. मी लिंबाची फोड चोखत त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "मामा, डोळ्यांवर ऊन येणार आता. काय करू?"

तो म्हणाला, "ऊन काय तुझ्या एकट्यालाच लागतंय व्हय?"

मी जाऊन गोलात उभा राहिलो. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या हाफबॅकने मध्यरेषेच्या जवळून बॉल उंच उचलला. बुटाला लागेपर्यंत मला तो दिसला. मग तो सूर्यात शिरला. मी कपाळावर हात आडवा धरून वर बघत राहिलो आणि बॉल माझ्या मागे एक टप्पा घेऊन जाळीत गेला.

नेमका त्याच क्षणाचा फोटो स्टुडिओवाल्याने काढला. बॉल जाळीत चाललाय आणि मी ताठ उभा राहून, कपाळाला हात लावून, जणू त्याला सलाम ठोकतोय. तो फोटो मोठा करून बसस्टँडसमोरच्या सलूनमध्ये टांगला गेला. त्या दिवसापासून मी सलाम. पुढे शिकून, त्याच कॉलेजात नोकरीला लागून मी सलाम सर झालो. माझ्या वरातीत बँडवाल्यानेसुद्धा ट्रम्पेट काखेत धरून मला सलाम ठोकला होता. बायकोने रात्री विचारलं, "तुमी मिल्ट्रीत होता काय?"

एकोणऐंशीनंतर चषक गावात आला नव्हता आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटायचं. म्हणून मला मैदान फिरवून हवं होतं. पायऱ्या पश्चिमेला झाल्या असत्या, तर गावाने दगडात कबूल केल्यासारखं झालं असतं की चूक मैदानाची होती, मगदूमची नव्हती. आणि त्या आहेत तिथे दक्षिणेला झाल्या की मैदान कायमचं तसंच. मीही कायमचा सलाम.

संध्याकाळी बोलावणं आलंच. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब इंचनाळकर ह्यांची गुळाची अडत होती आणि संस्थेचा कारभार ते तिथूनच हाकायचे. गुळाच्या ढेपांच्या मधोमध गादीवर बसले होते.

"काय मास्तर, खुंट्या उपटत हिंडतोस म्हणं?"

"आप्पासाहेब, एकदा पायऱ्या झाल्या की मैदान हलणार नाही. आत्ताच फिरवा. जागा आहे, मी मोजलीय."

"का फिरवायचं?"

मी उन्हाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गुळाचा खडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "एकसष्ट साली मैदान आखलं तवा मी तिथं उभा होतो. ड्रिलमास्तर म्हणाला, एक खांब-जोडी उत्तरेला रोवा, एक दक्षिणेला. माझ्या चुलत्यानं विचारलं, म्हणजे एका गोलाचं तोंड दक्षिणेला हुणार की न्हाई? दक्षिणमुखी दार आपण घराला करत न्हाई, गोठ्याला करत न्हाई, मग पोरांच्या गोलाला कशाला?"

"गोल म्हणजे दार?"

"मग काय खिडकी हाय? दोन खांब, वर आडवी पट्टी. आमी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंतं त्याला. नारळ फोडलाता."

"आप्पासाहेब, त्या दारातून आत काही येऊ नये म्हणूनच तर तिथं माणूस उभा करतात!"

ते पोट हलेपर्यंत हसले. मला वाटलं, वितळले. पण हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बसगोंडा, तू गोल खाल्लास म्हणून मैदान फिरवायचं व्हय? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण खरंच वाकडं आहे, आप्पासाहेब!" माझा आवाज एवढा चढला की बाहेरचे हमाल आत डोकावले. "उद्या संध्याकाळी पावणेसहाला मैदानावर या. पूर्वेच्या गोलात तुम्हाला हवा तो माणूस उभा करा. मी अठरा यार्डांच्या रेषेबाहेरून पाच बॉल मारतो. बघा किती अडतात ते."

आप्पासाहेबांना पैजेचा नाद होता, हे मला ठाऊक होतं. ते पुढे सरकले. "पाचातलं दोन आत गेलं तर मैदान फिरवू. दिला शब्द. आणि न्हाई गेलं तर?"

"तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. खुंट्या मी स्वतः ठोकून देईन."

दुसऱ्या दिवशी अर्धा गाव मैदानावर. ऐनुरात बातमी पसरायला पोस्टाची गरज कधीच लागली नाही. आप्पासाहेबांसाठी प्राचार्यांनी खुर्ची आणवली होती. मी दुपारपासून वीस-पंचवीस बॉल मारून पाय मोकळा केला होता. ऊन हवं तसं तिरपं आलं होतं. गोलात उभं राहून मी स्वतः बघून आलो, डोळा उघडत नव्हता. मनात म्हटलं, दोन काय, चार जातील.

"कोण उभारतंय?" आप्पासाहेबांनी चौफेर बघितलं. संघाचा कीपर परीक्षेच्या अभ्यासासाठी गावी गेला होता. त्यांची नजर गोलामागच्या रोलरवर गेली. "भैरू, ऊठ."

"मी?" भैरूमामा दचकला. "न्हाई सायेब. गुडघा धरलाय माझा."

"ऊठ म्हणतो न्हवं!"

मामा तेव्हा अठ्ठेचाळीसचा असेल. त्याने चपला रोलरखाली सरकवल्या, खाकी पँट पोटरीपर्यंत दुमडली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला कळलं नाही. मग तो गोलात जाऊन, मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, बिचारा देवाचं नाव घेतोय.

पहिला बॉल मी उंच मारला, उजव्या कोपऱ्यात. एकोणऐंशीला मी खाल्ला होता तसाच. मामा दोन पावलं मागे सरकला, हात वर केले आणि बॉल झाडावरचा पेरू काढावा तसा काढून घेतला.

लोकांनी आरोळी ठोकली. म्हटलं, नशीब. दुसरा खालून मारला, डावीकडे. तो त्याच्यावर आधीच पडलेला. तिसरा जिवाच्या आकांताने, सरळ छातीवर. तो त्याने दोन्ही मुठींनी उडवून लावला. आता चौथा आत गेलाच पाहिजे आणि पाचवाही. चौथ्याला मी डावीकडे बघून उजवीकडे मारला. मी कुठे बघतोय ह्याच्याशी त्याला काही देणंघेणंच नव्हतं. त्याने वर मान केलीच नव्हती. तो उजवीकडे गेला आणि बॉल पोटाशी धरून बसला.

"भैरू! भैरू!" लोक नाचायला लागले.

"आणखी एक राहिलाय," आप्पासाहेब खुर्चीतून म्हणाले. त्यांना मजा पुरी करायची होती.

पाचवा मी मारायला नको होता. मारला. तोही त्याने घेतला आणि बॉल हातात धरून जमिनीकडे बघत उभा राहिला. मग गर्दीतून कुणीतरी कपाळाला हात लावला. शेजारच्याने लावला. बघता बघता शंभर-दीडशे माणसं, पोरंटोरं, दगड फोडणारे, सगळे मला सलाम ठोकत उभे. आप्पासाहेबांनी हात वर केला नाही, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

"मास्तर," जाताना ते म्हणाले, "उद्या इंजिनिअर यायच्या आत खुंट्या."

सगळे गेले. मी पूर्वेच्या गोलाच्या खांबाला टेकून बसलो होतो. मला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. वाटत होतं, खांब उपटावा आणि मैदानभर फिरवावा. सात वर्षं मी लोकांना सांगत होतो की ऊन होतं, ऊन होतं. आता गावासमोर सिद्ध झालं होतं की ऊन-बिन काही नसतं. गुडघा धरलेला म्हातारा पाचही अडवतो. म्हणजे माझ्यातच खोट होती.

भैरूमामा जवळ येऊन उभा राहिला. बसला नाही.

"एक तरी सोडायचा हुता मला," तो म्हणाला. "आईशप्पथ, दोन सोडायचं ठरवलंतं. पण बॉल आला की हात जातोयाच. माझ्या हातात न्हाई त्ये."

"राहू दे, मामा. तुम्ही चांगले कीपर, मी वाईट. संपलं."

"संपलं न्हाई." त्याने घसा खाकरला. "ऊठ. ऊन हाय अजून थोडं. गोलात उभा ऱ्हा."

"कशाला? तुम्हीपण सलाम करणार?"

"ऊठ म्हणतो न्हवं, बसगोंडा!"

सात वर्षांनी त्याने मला सर न म्हणता नावाने हाक मारली होती. मी उठलो. तो लंगडत अठरा यार्डांच्या रेषेपर्यंत गेला, बॉल ठेवला आणि ओरडला, "बॉल बघू नको. खाली बघ. माझी सावली बघ!"

मी खाली बघितलं. सूर्य त्याच्या पाठीमागे होता आणि त्याची सावली लांबच लांब होऊन माझ्या पायांपर्यंत आली होती. तो पळत आला, तशी सावलीतली कंबर वळली, सावलीतला पाय डावीकडून फिरला. त्याच्या पायाला बॉल लागायच्या आधीच मला जमिनीवर दिसलं, कुठे येणार ते. मी तिकडे गेलो. बॉल माझ्या हातात आला.

"आता उंच मारतो," तो ओरडला. "बॉलची सावली बघ. सावली बॉलच्या फुडं पळाली की बॉल वर हाय. बॉलला चिकटून आली की खालनं. शिवरात्रीला जराशी उजवीकडं सरकती, तेवढं सोडून दे."

बॉल वर गेला, सूर्यात शिरला, आणि मी वर बघितलंच नाही. काळा ठिपका गवतावरून सरसर माझ्याकडे आला, मला ओलांडून गेला. मी दोन पावलं मागे सरकलो आणि हात वर केले. बॉल येऊन पडला.

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी पोरासारखा ओरडलो. आणि ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं की मी कशावर ओरडतोय. बॉल टाकून मी त्याच्याकडे चालत गेलो.

"मामा, हे तुम्हाला एकोणऐंशीला माहीत होतं?"

"एकसष्टपासनं."

"मी तुम्हाला विचारलं होतं. हाफ टाइमला. तुमच्याजवळ येऊन विचारलं होतं."

"व्हय."

"मग?"

तो खाली बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून बोलायला लागला. "माझ्या हणम्याला काढून तुला घेतलंतं त्या साली. आधीची दोन वर्सं त्यो हुता गोलात. त्याला मी सगळं शिकिवलंतं. तुला घेतलं, त्यानं कॉलेजच सोडलं, आन मुंबईला गेला गिरणीत. तू येऊन इचारलंस तवा जीभ अशी वळली हुती, बग. सांगणारच हुतो. मग म्हटलं, खा आता गोल."

"सात वर्षं! सात वर्षं मी सलूनमध्ये जात नाही, मामा! केस गडहिंग्लजला जाऊन कापतो!"

"ठावं हाय मला."

"माझ्या पोरीला बालवाडीत सलामची पोरगी म्हणतात!"

त्याने मान खाली घातली. मारावं असं वाटलं मला त्याला, खोटं कशाला सांगू. पण तो गुडघा धरून बसला होता, आणि त्या गुडघ्यानेच तो दिवसभर माझ्यासाठी मैदानावर चुन्याची फक्की मारून रेषा आखत बसला होता. मी तोंड फिरवलं.

"आप्पासायेबास्नी जाऊन सांगतो मी," तो मागून म्हणाला. "उद्या सकाळीच. सगळं सांगतो. पाच बॉल मी उन्हात बघून न्हाई आडवलं, सावलीवर आडवलं म्हणून. ठावं नसंल त्यो आंधळाच तितं."

रात्रभर मी मनातल्या मनात मैदान फिरवत होतो. पहाटे उठून दाढी केली.

अडतीत आम्ही दोघे गेलो. भैरूमामाने काही लपवलं नाही. हणम्याचंही सांगितलं. आप्पासाहेब सुरुवातीला खडीसाखर चघळत ऐकत होते. मग चघळायचे थांबले. मग त्यांनी हमालांना बाहेर घालवून दार लावून घेतलं. माझी छाती भरून आली. म्हटलं, आता न्याय होणार.

"म्हणजे," आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले, "आपल्या कीपरला हे ठावं असलं आन समोरच्याला नसलं, तर?"

"तर समोरचा मरतोय," मामा म्हणाला.

"भैरू, लेका! आन एवढी मोठी गोष्ट तू पोटात घिऊन बसलाईस?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणून तुज्या वक्ताला सहा कप आलं व्हय! माझा चुलता देवमाणूस, उगच न्हाई तोरण बांधलं त्यानं!"

"आप्पासाहेब," मी म्हणालो, "आता तरी मैदान फिरवणार ना?"

"फिरवायचं?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या घराला आग लावायची परवानगी मागितलीय. "येडा हायस काय, मास्तर? ह्याला किल्ला म्हणत्यात. आता तर दगडातच बांधून टाकतो, कुणाच्या बापाला हलवता येऊ नये म्हणून. तू आपल्या पोरांना शिकवायचंस. आणि ही गोष्ट ह्या दाराबाहेर गेली तर नोकरी गेली म्हणून समज, दोघांची."

"आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"गावाला कळायला नको? चूक माझी नव्हती, हे?"

"गावाला कळलं तर बेळगावला कळंल. बेळगावला कळलं तर मिरजंला." त्यांनी गुळाचा खडा मोडला आणि माझ्यापुढे धरला. "आन सलामचं काय घिऊन बसलाईस? गावाचं प्रेम हाय त्ये."

मी गूळ घेतला नाही. पण शब्द दिला होता, म्हणून इंजिनिअर यायच्या आत खुंट्या मात्र ठोकल्या. दक्षिणेच्या बाजूला, बारा. भैरूमामा सुतळी धरून उभा होता.

पुढच्या शिवरात्रीला स्टेडियम तयार होतं. काळ्या दगडाच्या नऊ पायऱ्या, वर पत्र्याचं छप्पर, कमानीवर संस्थापकांचं नाव. पूर्वेच्या गोलाला पुन्हा तोरण बांधलं, नारळ फोडला. मी वर्षभर आमच्या कीपरला सावली शिकवली होती आणि पोरगा हुशार निघाला. आम्ही फायनलला पोचलो. समोर मिरजेचा संघ. नाणेफेक आम्ही जिंकली, आणि आप्पासाहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवल्याप्रमाणे आमच्या कप्तानाने बाजू अशी घेतली की दुसऱ्या हाफला मिरजेचा कीपर पूर्वेला यावा. हाफ टाइमला शून्य-शून्य. पायऱ्यांवर आप्पासाहेब पाहुण्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगत हसत होते.

मी लिंबाच्या फोडींची परात घेऊन पूर्वेच्या गोलामागून चाललो होतो. मिरजेचा कीपर गोलात येऊन उभा राहिला होता. अठरा-एकोणीसचा, काटकुळा. कपाळावर हात आडवा धरून पश्चिमेकडे बघत होता. अगदी तसाच. मला सलूनमधला फोटो दिसला.

त्याने माझ्या परातीतली फोड उचलली आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडं डोळ्यांवर लई ऊन येतंय हो. काय करायचं?"

रोलरवर भैरूमामा बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. पायऱ्यांवर अख्खा गाव बसला होता. मी आठ वर्षं चषकाची वाट बघत होतो. तो आला असता तर माझ्या शिकवण्याने आला असता. कदाचित सलूनमधला फोटोही उतरला असता. जीभ वळली होती. मामा म्हणाला होता ते खरं, अशीच वळते.

"बॉल बघू नकोस," मी म्हणालो. "खाली बघ."

दोन मिनिटांत त्याला सांगून झालं. पोरगं चलाख होतं, एकदाच सांगावं लागलं. त्या हाफमध्ये आमच्या पोरांनी सहा वेळा गोलावर बॉल मारला आणि सहाही त्याने मान खाली घालून काढून घेतले. शेवटी टायब्रेकरवर मिरज जिंकली. आप्पासाहेब महिनाभर माग काढत होते की कुणी सांगितलं. त्यांनी भैरूमामालाही बोलावून खोदून खोदून विचारलं. मामा गप्प बसला. गप्प बसण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हताच. त्यानंतर मरेपर्यंत दर शिवरात्रीला लिंबं तो चिरून द्यायचा आणि परात माझ्या हातात ठेवायचा.

तीस वर्षं मी ती परात फिरवली. आमच्या कीपरला शिकवायचं काम सोडलं नाही, आणि पाहुण्यांच्या कीपरला सांगायचंही. सलूनमधला फोटो अजून आहे. आता सलून जुन्या मालकाचा नातू चालवतो आणि केस मी तिथेच कापतो.

परवा कॉलेजच्या नव्या प्राचार्या मॅडमचा फोन आला. सुवर्णमहोत्सव केव्हाच होऊन गेला, आता हीरकमहोत्सवाची स्मरणिका निघणार आहे, त्यात स्टेडियमचा इतिहास दोन पानांत लिहून द्याल का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "सर, एक गंमत सांगू? मी जुने निकाल काढून बघितले. स्टेडियम झाल्यापासून आपण बाहेर जाऊन कितीतरी कप जिंकलो, पण घरच्या मैदानावर फक्त तीन. आपलंच मैदान, आपलंच ऊन, आपल्या पोरांना सवय. मग असं का झालं असेल?"

"मॅडम," मी म्हणालो, "ऊन काय आपल्या एकट्यालाच लागतंय व्हय?"